एक पेनी म्हणजे चार बटाटे

१९४६ साली दक्षिण अटलांटिक महासागरातल्या एका बेटावरून ब्रिटिश सरकारकडे एक अर्ज गेला. आमच्या बेटाची स्वतःची टपाल तिकिटं असावीत, अशी त्यात विनंती होती आणि सोबत तिकिटांचे नमुने जोडले होते. एक पेनीच्या तिकिटावर पेनीच्या शेजारीच दुसरी एक किंमत छापलेली होती : चार बटाटे.

अर्ज नामंजूर झाला. पण ते तिकीट आजही संग्राहकांमध्ये ‘बटाटा तिकीट’ म्हणून प्रसिद्ध आहे. ते तयार करणारा ॲलन क्रॉफर्ड इंग्रज होता. पेशाने तो भूमापक, आणि बेटावर राहिलेला असल्यामुळे तिथला व्यवहार त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने बेटावर ‘ट्रिस्टन टाइम्स’ नावाचं छोटं वर्तमानपत्रही चालवलं होतं आणि त्याचे पैसे बटाट्यांत चुकते करता येत. त्या माणसांच्या हाती नाणी येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. त्याआधी सव्वाशे वर्षं, म्हणजे पाच पिढ्या, तिथे पैसा जवळजवळ चालतच नव्हता.

हे वाचलं तेव्हा मला थक्क व्हायला झालं, आणि ते थक्क होणं अजून ओसरलेलं नाही. गरिबी मोजायची म्हटलं की आपला हात आपोआप पैशाच्या पट्टीकडे जातो. दिवसाला किती कमावतो, महिन्याला किती खर्चतो. पण जिथे पैसाच नाही तिथे गरीब कोणाला म्हणायचं? आणि त्याहून अवघड म्हणजे, म्हणायचं कोणी?

या बेटाचं नाव ट्रिस्टन दा कुन्हा. वस्ती असलेलं जगातलं सगळ्यात एकाकी बेट म्हणून त्याची ओळख आहे. सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना बेटावर, ते सुमारे २,४०० किलोमीटर दूर. केपटाऊन साधारण २,८०० किलोमीटर. विमानतळ नाही, आजही नाही. केपटाऊनहून जहाज निघतं, ते हवा बरी असेल तर आठवड्याभरात पोचतं आणि समुद्र खवळलेला असेल तर बेट समोर दिसत असतानाही माणसं उतरवता येत नाहीत. बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी. त्याचं शिखर २,०६२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने उंच. बहुतेक सगळीकडे कडा थेट पाण्यात उतरतो. वायव्येला तेवढी एक अरुंद सपाट पट्टी आहे आणि तिच्यावर एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज असं भारदस्त नाव असलेलं एकुलतं एक गाव. सारी मिळून अडीचशेच्या आत माणसं.

नावामागे आपल्या किनाऱ्याशी जोडलेला एक धागाही आहे. १५०६ साली पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्तांव द कुन्या हिंदुस्थानच्या वाटेवर होता. वाटेत त्याला हे बेट दिसलं आणि त्याचं नाव बेटाला पडलं. याच त्रिस्तांवचा मुलगा नुनो द कुन्या पुढे गोव्यात पोर्तुगीजांचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांच्या हवाली केली. बापाचं नाव मिळालेल्या बेटाकडे पुढची तीनशे वर्षं कोणी कायमचं राहायला फिरकलं नाही. मुलाच्या हाती आलेल्या बेटांवर आज दोन कोटींच्या घरातलं महानगर उभं आहे.

वस्ती झाली तीही नेपोलियनच्या धास्तीने. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यानंतर त्याच्या सुटकेसाठी कोणी या बेटाचा तळ म्हणून उपयोग करू नये, यासाठी ब्रिटिशांनी १८१६ मध्ये इथे सैनिकांची तुकडी बसवली. वर्षभरात हे सगळं निरर्थक आणि खर्चिक आहे असं सरकारला वाटलं आणि तुकडी परत बोलावली गेली. विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश कॉर्पोरल मात्र बायको-मुलांसह मागे राहिला. त्याच्यासोबत दोन गवंडी राहिले. आणि ७ नोव्हेंबर १८१७ रोजी या मूठभर माणसांनी बसून एक करार लिहिला.

त्या करारात काय असावं? सगळा माल आणि जनावरं सर्वांची समान. नफा झाला तर समान वाटायचा. खर्च आला तर समान उचलायचा. आणि सगळ्यात नवलाचं कलम असं, की गुण्यागोविंदाने राहता यावं म्हणून कोणीही दुसऱ्यावर वरचढपणा दाखवायचा नाही, सगळे सर्व बाबतींत सारखे मानले जातील आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काम करायचं. हे लिहिणारा माणूस तत्त्वज्ञ नव्हता, लष्करातला कॉर्पोरल होता. आयुष्यभर हुकूम ऐकण्यात आणि देण्यात गेलेल्या माणसाने मोकळा झाल्यावर पहिलं काम हुकूमशाहीच रद्द करण्याचं केलं. तो कागद ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेला आहे.

सामाईक मालकीचा भाग फार वर्षं टिकला नाही. माणसं वाढली, फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी येऊन राहिले. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या आणि संसार सुरू झाले. १८३६ मध्ये एक डच खलाशी आला, १८९२ मध्ये ‘इतालिया’ जहाज बुडालं तेव्हा दोन इटालियन राहिले. घर, गाय, बटाट्याचा तुकडा हे ज्याचं त्याचं झालं. पण कोणी कोणाच्या डोक्यावर बसायचं नाही, हे कलम मात्र हाडीमाशी मुरलं. सव्वाशे वर्षं या बेटावर पोलीस नव्हता, न्यायालय नव्हतं, कर नव्हता, तुरुंग नव्हता. आणि त्यांची उणीवही कोणाला भासली नाही.

आता या माणसांच्या घरात डोकावू या. गावापासून तीनेक किलोमीटरवर, वाऱ्याच्या माऱ्यातून वाचवण्यासाठी दगडी गडगे घातलेले बटाट्याचे तुकडे. प्रत्येक घराचे आपापले. खत म्हणून शेण, मेंढ्यांची लेंडी, पक्ष्यांची विष्ठा. समुद्रात मासे. कडेला मेंढ्या, गायी. शेजारच्या नाइटिंगेल बेटावर, अडतीसेक किलोमीटरवर, हंगामात लाखो समुद्रपक्षी येतात. तिकडे होड्या घेऊन जायचं, अंडी आणायची, पिल्लांची चरबी कढवून आणायची. या होड्या म्हणजे लाकडाच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून रंगवलेल्या. बेटावर मोठं झाड नाही, फळी मिळायची ती वाहून आलेल्या ओंडक्यांतून आणि फुटलेल्या जहाजांतून. तेवढ्याशा कापडाच्या भरवशावर ही माणसं जगातल्या सर्वांत खवळलेल्या समुद्रात उतरत. पायात गाईच्या कातड्याचे जोडे. अंगावर घरी कातलेल्या, घरी विणलेल्या लोकरीचे कपडे. मुली आपल्या आवडत्या मुलासाठी लोकरी मोजे विणत आणि मोज्यावर जितके रंगीत पट्टे जास्त तितका जीव जास्त, हे साऱ्या गावाला कळत असे.

घर शाकारायचं असेल तर मालक गावाला बोलावतो. पुरुष छपरावर चढतात, बायका रांधतात, संध्याकाळी जेवण होतं. आपल्याकडच्या इर्जिकेची आठवण व्हावी असंच हे सगळं. यजमानाने पोटभर जेवू घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या छपरावर आपणही जायचं. लोकर पिंजायची असली की बायकांचाही असाच एक दिवस ठरतो.

१९३७-३८ मध्ये नॉर्वेची एक शास्त्रीय मोहीम बेटावर येऊन राहिली. त्यात पीटर मुंक नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. या माणसांकडे तो पुढली तीसहून अधिक वर्षं पुन्हा पुन्हा वळला आणि १९७१ मध्ये त्याने त्यांच्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्याने टिपलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं एकमेकांना इतकी धरून आहेत म्हणजे इथे सगळं सामुदायिक असणार. मुंकला दिसलं ते वेगळंच. प्रत्येक घर कमालीचं स्वतंत्र आहे. कोणी कोणाला मदतीचा हुकूम देत नाही, कोणाला नेता म्हणवून घ्यायची हौस नाही. मदत होते ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला, आपखुशीने, आणि ती फेडली जाते. मासा दिला की कधीतरी मटण येतं. होडीवर हात लावला की कधीतरी बटाटे खणायला माणूस येतो. या देवाणघेवाणीतून सुटलेला असा कोणी नाही.

म्हणजे तिथे श्रीमंती कशात होती हे कळतं. ज्याच्या घरी द्यायला काही आहे, ज्याच्या हाकेला माणसं येतात आणि जो दुसऱ्याच्या हाकेला जाऊ शकतो, तो सुखवस्तू. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवलंय की गरजेची वस्तू म्हणजे फक्त जगायला लागणारी वस्तू नव्हे. जिच्यावाचून चारचौघांत जायची लाज वाटते तीही गरजेचीच. त्याच्या काळच्या युरोपात मजुराला ती लाज अंगात लिननचा सदरा नसल्याची वाटे. ट्रिस्टनवर अनवाणी चालण्याची, ठिगळ लावलेल्या विजारीची लाज नव्हती. घेतलेलं फेडता न येणं, ही तिथली लाज.

आणि नेमकी तीच गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना दिसत नव्हती. त्यांना दिसत होतं ठिगळ.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी देवमासे पकडणारी गलबतं इथे थांबत. ताजे बटाटे, मांस, पाणी घेत आणि बदल्यात कापड, पीठ, चहा देत. तो सरळ व्यवहार होता, त्यात कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता. पुढे देवमाशांची शिकार ओसरली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. वाफेच्या जहाजांना वाऱ्याच्या मागे इतक्या दक्षिणेला उतरायची गरज उरली नाही. जहाजं येईनाशी झाली. बेट होतं तिथेच राहिलं, जगाने रस्ता बदलला. हे समजून घेणं मला आवश्यक वाटतं, कारण त्यानंतरच जगाने या माणसांना बिचारे म्हणायला सुरुवात केली. येत त्या मोजक्या जहाजांवर आता देणगीच्या पेट्या असत. धर्मोपदेशक येऊन राहू लागले. त्यांतला एक एडविन डॉजसन, म्हणजे ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या लेखकाचा सख्खा भाऊ. तो १८८१ मध्ये आला. माणसाने राहावं अशी ही जागाच नव्हे, सगळ्यांना इथून हलवावं, या मताचा तो झाला.

त्याचं अगदीच चुकत होतं असं म्हणवत नाही. १८८२ मध्ये एका फुटलेल्या जहाजातून उंदीर बेटावर उतरले आणि त्यांनी पिकांचा फडशा पाडायला सुरुवात केली. आजही बेटावर वर्षातून एक दिवस सारा गाव उंदरांच्या शिकारीला निघतो, त्याचं मूळ तिथे. १८८५ च्या नोव्हेंबरात तर आभाळच कोसळलं. जाणारं एक जहाज दिसलं. त्याच्याशी देवघेव करायला पंधरा पुरुष एका होडीतून गेले आणि कोणीच परतलं नाही. शंभरेक माणसांच्या गावातले कर्ते पुरुष एका दिवसात गेले. त्यानंतरच्या वर्षांत उपासमार झाली. खरी, पोटातली. बेटाची गोष्ट सांगताना या वर्षांवर गोडगुलाबी पांघरूण घालणं मला अन्यायाचं वाटतं. रिकाम्या पोटाला दृष्टिकोन नसतो. अमर्त्य सेन यांनी १९८३ च्या एका गाजलेल्या निबंधात गरिबीच्या तळाशी एक निरपेक्ष गाभा असतो, तो तुलनेवर अवलंबून नसतो, असं मांडलं. विधवांनी भरलेल्या ट्रिस्टनला तो गाभा पुरेपूर ठाऊक होता.

तरीही १९०४ मध्ये केप वसाहतीच्या सरकारने इथून उठून आफ्रिकेत या असा प्रस्ताव पाठवला तेव्हा बहुतेकांनी नकार दिला. भूक माहीत असूनही.

मग पैसा आला, आणि तो युद्धामागून आला. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने बेटावर बिनतारी संदेश आणि हवामान केंद्र उभारलं. बांधकामाला बेटकऱ्यांचे हात लागले, मजुरी ठरली, छोटं दुकान निघालं. १९४९ मध्ये शेवंडीचा कारखाना सुरू झाला. बेटाभोवतालच्या थंड पाण्यात शेवंडी खच्चून होत्या. आजवर त्या फक्त खाण्यापुरत्या धरल्या जात, आता डबाबंद होऊन परदेशी जाऊ लागल्या. गावात पगार आला आणि पगाराबरोबर साखर आणि मैदा. इथे एक विलक्षण पुरावा हाती आहे. १९३० च्या दशकात बेटावर आलेल्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी माणसांची तोंडं तपासली तेव्हा ते चकित झाले होते, कारण बहुतेकांना किडका दात माहीतच नव्हता. बटाटे, मासे, दूध आणि अंडी खाऊन म्हातारपणापर्यंत दात शाबूत. दुकान सुरू झाल्यावरच्या तपासण्यांत ते दात झपाट्याने किडत गेलेले दिसतात. पैशाच्या पट्टीवर बेट वर चढत होतं, त्याच काळात.

आपल्याकडे पुढच्या दशकांत एक वेगळी पट्टी घडत होती. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातली गरिबी मोजण्यासाठी दिवसाला २,२५० कॅलरी हा मापदंड घेतला आणि तेवढं अन्न मिळण्याइतका खर्च करायला ग्रामीण माणसाला १९६०-६१ च्या किमतींनुसार महिना १५ रुपये लागतील, असा हिशेब १९७१ मध्ये मांडला. त्या अभ्यासाची थोरवी अशी की त्याने रुपयाला थेट पोटाशी बांधलं. पण हीच फूटपट्टी एक दिवस ट्रिस्टनवर ठेवून पाहा. नाणी येण्यापूर्वीच्या एखाद्या चांगल्या वर्षात तिथल्या माणसाच्या पोटात कॅलरी पुरेशा, आणि रोख खर्च शून्य. एकाच पट्टीचं एक टोक सांगतं हा गरीब नाही आणि दुसरं टोक सांगतं याच्याहून गरीब माणूस पृथ्वीवर नसेल. आपल्या आदिवासी भागांतही, रानातून येणारं अन्न ज्या घरांचं निम्मं ताट भरतं तिथे, पाहणी करणाऱ्यांपुढे हाच पेच आजही उभा राहतो.

आणि मग १९६१. ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसू लागले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावाच्या अगदी शेजारी जमीन फुगायला लागली, फाटली आणि तिच्यातून लाव्हा येऊ लागला. शतकानुशतकं शांत असलेला ज्वालामुखी गावाच्या परसदारात उघडला होता. एक रात्र सारा गाव बटाट्यांच्या शेतांजवळ काढून मासेमारीच्या बोटींतून नाइटिंगेलला गेला. तिथून एका डच जहाजाने त्यांना केपटाऊनला नेलं आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी २६४ बेटकरी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर उतरले. साम्राज्यातले सर्वांत गरीब, सर्वांत एकाकी प्रजाजन अखेर घरी आले, असं ब्रिटिश जनतेला वाटलं. मायेचा पूर आला. कपडे, खेळणी, देणग्या. जानेवारीत त्यांना साउदॅम्प्टनजवळच्या कॅल्शॉट इथे हवाई दलाची रिकामी झालेली घरं मिळाली. पक्की घरं, वीज, नळ, दवाखाना, मुलांना शाळा, प्रौढांना कारखान्यांत नोकऱ्या, आठवड्याला रोख पगार.

सामाजिक शास्त्रांत ठरवून असा प्रयोग करता येणार नाही. एका अख्ख्या गावाला उचलून पैशाच्या जगात ठेवायचं, तिथल्या सगळ्या सोयी द्यायच्या आणि वर्षभराने विचारायचं, सांगा, काय हवं? निसर्गाने तो प्रयोग करून दाखवला.

पहिला हिवाळा जड गेला. शहरातल्या सर्दी-तापाची त्यांच्या शरीरांना सवय नव्हती, आजारपणं लागोपाठ आली आणि काही म्हातारी माणसं दगावली. पण हे लोक इंग्लंडमध्ये हरले, असं म्हणता येत नाही. कामाला ते वाघ होते, मालकांची त्यांच्याविषयी तक्रार नव्हती. तरुणांना संगीत, दुचाक्या, सिनेमा आवडत होता. तरी परत जाण्याची मागणी पहिल्यापासून होती आणि ती वाढत गेली. बेट आता राहण्याजोगं नाही आणि ही माणसं इथेच मिसळून जातील, अशी वसाहत खात्याची समजूत होती. पण १९६२ च्या सुरुवातीला रॉयल सोसायटीची मोहीम बेटावर गेली तेव्हा दिसलं की गाव जवळजवळ जसंच्या तसं उभं आहे. लाव्हाने शेवंडीचा कारखाना आणि होड्या लावायची पुळण गिळली होती, घरं मात्र वाचली होती. पाठोपाठ बेटकऱ्यांची बारा जणांची तुकडी डागडुजीला आणि लागवडीला गेली. आणि डिसेंबर १९६२ मध्ये कॅल्शॉटच्या छावणीत गुप्त मतदान झालं.

परत जायच्या बाजूने १४८. विरोधात ५.

ब्रिटनच्या वर्तमानपत्रांना हा आकडा पचेना. त्या साली त्या देशात घरोघरी टीव्ही पोचत होते, धुलाईयंत्रं पोचत होती, आणि या माणसांनी सगळं पाहून, वापरून, पगार मोजून घेऊन, नको म्हटलं होतं. इतकी वर्षं प्रश्न असा विचारला जात होता, की यांना आपली गरिबी कळते का? कॅल्शॉटने तो प्रश्न निकालात काढला. तुलनेला दुसरी बाजू माहीत नसल्यामुळे समाधानी असलेली ही माणसं नव्हती. त्यांनी दोन्ही बाजू जगून पाहिल्या होत्या. १९६३ मध्ये ती दोन टप्प्यांत परतली.

पण या १४८ ला मी जितकी भुलते, तितकीच मला दुसऱ्या एका बेटाची आठवण सावध करते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचं बेट आहे. १६९७ मध्ये मार्टिन मार्टिन नावाचा प्रवासी तिथे गेला होता आणि ही माणसं बाकीच्या जगापेक्षा सुखी आहेत असं लिहून आला. तिथेही समुद्रपक्षी हेच अन्न. कड्यांवरून दोराने उतरून पकडलेले पक्षी घराघरांत वाटून घेतले जात. रोज सकाळी पुरुष रस्त्यावर जमून दिवसाचं काम ठरवत. ट्रिस्टनची जणू थोरली बहीणच. आणि तरी १९३० च्या मे महिन्यात सेंट किल्डाच्या लोकांनी स्वतः सह्या करून सरकारला कळवलं की आम्हाला इथून न्या. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसं बेट सोडून गेली.

दोन बेटं, जवळपास सारखं जगणं, आणि दोन उलट उत्तरं. का? मला दिसणारी कारणं पूर्णपणे हवामानातली किंवा मातीतली नाहीत. सेंट किल्डाला जमीनदार होता. दरवर्षी त्याचा कारभारी यायचा, पिसं, तेल, कापड खंडापोटी न्यायचा, लागणारा माल द्यायचा. म्हणजे बेटकऱ्यांच्या कष्टाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या दुसरा कोणीतरी ठरवत होता. मग १८७७ पासून उन्हाळ्यात आगबोटी प्रवाशांना घेऊन येऊ लागल्या. प्रवासी अंडी आणि कापड विकत घेत, फोटो काढत, नाणी देत आणि बघत राहत. ही माणसं रोज आरशात पाहावं तशी परक्यांच्या नजरेत स्वतःला पाहू लागली. त्यात मुलं जगत नव्हती. नवजात धनुर्वाताने एकोणिसाव्या शतकात तिथल्या अर्ध्याहून जास्त बाळांचा बळी घेतला. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते. पहिल्या महायुद्धानंतर तरुणही जाऊ लागले. कड्यावर दोर धरायला हातच उरले नाहीत. फेडायला माणूस नाही, तिथे मदत मागायची कोणाकडे?

ट्रिस्टनला जमीनदार नव्हता. प्रवासी बोटी क्वचितच पोचत. आणि हातात शेवंड होती, म्हणजे जगाशी पुन्हा बरोबरीने व्यवहार करता येईल असं काहीतरी, पूर्वी गलबतांशी बटाट्यांचा होता तसा. माझ्या मते १४८ जणांच्या त्या मतांत शेवंडीचा वाटा मोठा आहे. परत गेल्यावर त्यांना दानावर जगायचं नव्हतं.

१९६६ मध्ये तिसेक माणसं पुन्हा इंग्लंडला गेली. त्यांतली बरीच वर्ष-दीड वर्षात परत बेटावर आली. १९६७ मध्ये लहान बंदर बांधून झालं आणि त्याला नाव दिलं गेलं कॅल्शॉट, दोन वर्षं आसरा दिलेल्या त्या इंग्रजी वस्तीचं. वीज आली, टीव्ही आला, दवाखाना आला, इंटरनेट आलं. शेवंडीची निर्यात हाच आज बेटाच्या उत्पन्नाचा मुख्य आधार आहे. मासेमारीला हवा चांगली असली की पहाटे लोखंडी नळकांड्यावर ठोके देऊन गावाला उठवतात.

बटाट्याच्या तुकड्यांवर अजून लोक राबतात, पगार असणारेही. जमीन सामाईक आहे, बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही. एका घराने किती गायी आणि किती मेंढ्या पाळायच्या यावर मर्यादा आहे. त्यात कुरणाची काळजी आहेच, पण एखाद्या घराच्या दावणीला इतरांहून फार जास्त संपत्ती बांधली जाऊ नये हाही हेतू आहे. ग्लासच्या कराराला दोनशे वर्षं होऊन गेली, तरी बेटाचे नियम लिहिताना ते कलम कोणीतरी शेजारी उघडून ठेवल्यासारखं वाटतं. आणि २०२० मध्ये या लोकांनी आपल्या भोवतालचा जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटर समुद्र व्यापारी मासेमारीला बंद केला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, निर्णय घेणारी माणसं अडीचशेच्या आत, आणि त्यांची रोजीरोटी समुद्रावरच. आपल्या शेवंडीपुरता किनाऱ्यालगतचा पट्टा त्यांनी ठेवून घेतला.